शेवंतीचं शिंगरू

शेवंती पहाटे व्यायली आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं.

व्यायतानाच काय ती धावपळ झाली होती. वार वेळेआधी सुटली होती, त्यामुळे पांढऱ्याऐवजी लालभडक पिशवी पुढे आली. हेमकुंवरनं ती चाकूनं फाडली, शिंगराचे पाय धरले आणि शेवंतीच्या कळेबरोबर ओढून त्याला बाहेर काढलं. तरी ते तासाभरात उभं राहिलं, धडपडत कासेपर्यंत गेलं आणि पोटभर चीक प्यायलं. तांबूस रंगाचा नर. फतेसिंग गिरासे काठी टेकत तबेल्यात आले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जिंकलीस, हेमू."

शहाद्याच्या अलीकडे तापीच्या काठाला गिरासेंची पागा होती. एकेकाळी फतेसिंगांनी शिकवलेले घोडे जत्रेत ढोलावर नाचायचे तेव्हा माणसं छपरांवर चढून बघायची. माकडहाड मोडल्यापासून त्यांचं घोड्यावर बसणं संपलं. बायको गेली, शिकवायला येणारे घोडे थांबले. आता पागेत चार जनावरं होती आणि ती सगळी हेमकुंवर सांभाळायची. शेवंती त्यातली शेवटची चांगली घोडी.

दुपारी हेमकुंवर गवत टाकायला गेली आणि दारातच थांबली. शिंगरू आईकडे पाठ करून भिंत चाटत होतं. तिनं त्याचं तोंड वळवून कासेला लावलं. सड ओठांत होता, पण ओढायचं ते विसरलं होतं. मग ते चालायला लागलं आणि कोपऱ्यात डोकं भिडवून तसंच चालत राहिलं, जणू भिंत पुढे आहेच कुठे! शेवंतीनं हुंकार दिला. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

"आबा," हेमकुंवरनं हाक मारली, "हे भानावर नाहीये."

नदीपलीकडे घोड्यांचं रुग्णालय होतं. तिथल्या डॉक्टर मंदाकिनी दुसाने अर्ध्या तासात आल्या. पन्नाशीच्या, ठाम बाई. त्यांनी शिंगराच्या डोळ्यांवर उजेड टाकला, हिरड्या पाहिल्या आणि पिशवीतून मऊ दोर काढला.

"आधी साधा उपाय करून बघू."

त्यांनी दोराचे तीन वेढे शिंगराच्या छातीभोवती घेतले आणि एकसारखा ताण दिला. शिंगरू आपोआप खाली बसलं, आडवं झालं आणि झोपी गेलं. ताण तसाच धरून ठेवत डॉक्टर समजावू लागल्या.

"पोटात असताना शिंगरू जवळजवळ झोपलेलंच असतं. झोपायलाच हवं. एवढे लांब पाय घेऊन ते आत दौडू लागलं तर आईचं काय होईल? म्हणून गर्भात मेंदूला गुंगीत ठेवणारी द्रव्यं वाहत असतात. बाहेर येताना जन्ममार्गात छाती आवळली जाते, आणि तो दाब हीच त्याला खूण. आता झोप संपली, आता जागं हो. कधी जन्म फार झटपट होतो, खूण पटत नाही, आणि शिंगरू उघड्या डोळ्यांनी झोपलेलंच राहतं. अशा शिंगराला दोरानं वीसेक मिनिटं आवळायचं. त्याला वाटतं आपण पुन्हा जन्मतोय. सोडलं की उठतं आणि सरळ आईकडे जातं."

"मग हेही जाईल," फतेसिंग म्हणाले.

डॉक्टरांनी दोर सोडला. शिंगरू उठलं, हेलपाटलं, आणि त्याच्या घशातून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज निघाला. मग ते कोसळलं. चारही पाय हवेत पळू लागले, मान पाठीकडे वळली.

"ही नुसती झोप नाही," डॉक्टर झटक्याचं औषध टोचत म्हणाल्या. "पिशवी सुटल्यावर प्राणवायू कमी पडला. मेंदूला इजा झालीय, आणि ती अजून वाढतेय. गाडी बोलावते. घोडीलाही घ्या."

रुग्णालयात पोहोचेपर्यंत आणखी दोन झटके येऊन गेले.

तिथे डॉक्टरांनी बापलेकीला एका खोलीच्या काचेपाशी उभं केलं. आत एक मोठी दुहेरी पडद्याची पिशवी होती आणि दोन पडद्यांच्या मधे कोमट पाणी खेळत होतं. शिंगराला आत निजवून पिशवीचं तोंड मिटलं की बाहेर फक्त नाकपुड्या उरत.

"प्राणवायू तुटल्यावर मेंदू एका क्षणात मरत नाही," डॉक्टर सांगत होत्या. "पहिल्या फटक्यानंतर पेशी भडकतात, एकमेकींना पेटवत जातात. आग विझल्यावर निखारे पसरावेत तसं. खरं नुकसान त्या पसरण्यानं होतं. गर्भातली जी गुंगीची द्रव्यं मी सांगितली, ती हे निखारेही शांत करतात. म्हणून आम्ही शिंगराला परत गर्भनिद्रेत घालतो. तीच द्रव्यं, तीच ऊब, अंगाभोवती तोच दाब. बेंबीतून पोषण. नऊ-दहा दिवसांत मेंदू स्वतःला सावरतो. दहातली सात शिंगरं पूर्ण बरी होतात."

"घाला," हेमकुंवर लगेच म्हणाली.

"थांब. पुढचं ऐक. मालक कोण?"

"मी," फतेसिंग म्हणाले. "घोडी माझ्या नावावर आहे."

"मग तुम्हीही ऐका, काका."

त्यांनी दोघांना मागच्या आवारात नेलं. तिथे एक तरणाबांड काळा घोडा एकटाच उभा होता. माणसं दिसताच तो धावत आला आणि त्यानं फतेसिंगांच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटले. फतेसिंगांचा हात आपसूक त्याच्या मानेवर गेला.

"हा बुधा. गर्भनिद्रेतून वाचलेलं आमचं पहिलं शिंगरू. मेंदू एकदम धडधाकट. पण जागं झालं तेव्हा समोर घोडी नव्हती, आम्ही होतो. जन्मानंतरच्या काही तासांत शिंगराच्या मनात आईची जागा भरते. निद्रेतून उठलं की ती जागा पुन्हा रिकामी असते, आणि समोर जो असेल तो तिथे जाऊन बसतो. बुधाला वाटतं तो माणूस आहे. लहानपणी गंमत वाटायची. आता चारशे किलोंचा झालाय. लाडानं पुढचे पाय खांद्यावर ठेवले आणि आमच्या मदतनिसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. घोड्यांत सोडलं तर थरथरत भिंतीला चिकटून राहतो. कान पाडले म्हणजे बाजूला हो, एवढंही त्याला कळत नाही. बाकीचे फोडून काढतात."

"किती माया आहे पण," फतेसिंग पुटपुटले.

"तीच तर विकली जातेय आता. बाहेर काही ठिकाणी धडधाकट शिंगरांना मुद्दाम निद्रेत घालतात आणि धन्याच्या आवाजावर उठवतात. लळ्याचे घोडे म्हणतात त्यांना. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसासाठी तसं शिंगरू मागायला आले होते. मी त्यांना फाटक दाखवलं." डॉक्टरांनी बुधाच्या नाकावर हात ठेवला. "तुमचं शिंगरू घोडा म्हणून उठायला हवं असेल, तर तोवर शेवंती आई म्हणून टिकायला हवी. तिचं दूध आटता कामा नये. शिंगरासमोर माणसाचा आवाज नको, उघडा हात नको, चेहरा नको. कराल?"

"करू," हेमकुंवर म्हणाली. फतेसिंगांनी मान डोलावली, पण त्यांचा हात अजून बुधाच्या आयाळीत होता.

हेमकुंवर रुग्णालयातच राहिली. दर दोन-तीन तासांनी ती शेवंतीचं दूध काढायची. शेवंतीच्या घामानं ओला केलेला कपडा शिंगराच्या नाकापुढे ठेवायची. हातमोजे, तोंडावर पट्टी, डोक्यावरून झगा. शेवंतीच्या पोटाला बांधलेल्या यंत्रातून तिचे ठोके पिशवीत ऐकू जात होते. शिंगराच्या डोक्यावर तारांची पातळ टोपी होती आणि मेंदूच्या लहरी भिंतीवरच्या पडद्यावर उमटत होत्या. पहिले दोन दिवस त्या दात पडलेल्या कंगव्यासारख्या होत्या. हळूहळू त्या लांब, सलग होत गेल्या. झटके थांबले.

सगळ्यात जड होतं ते गप्प राहणं. हेमकुंवर लहानपणापासून घोड्यांशी बोलत आली होती. शेवंती तर तिच्या आवाजावरच दूध सोडायची. आता पोटावरच्या यंत्रातून आपला आवाज पिशवीत जाईल म्हणून ती मुक्यानं कास चोळायची आणि शेवंती मान वळवून तिच्याकडे बघत राहायची, काय चुकलं म्हणून विचारल्यासारखी.

फतेसिंग रोज जेवणाचा डबा घेऊन यायचे. सहाव्या दिवशी दुपारी हेमकुंवर दूध काढून परतली, तर शिंगराच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आतून गुणगुणणं येत होतं. घोड्याला ताल शिकवताना फतेसिंग पूर्वी जे म्हणायचे, तेच. "हो... हो रे... होऽ..."

ती दारातच खिळली. फतेसिंग पिशवीजवळ स्टुलावर बसले होते, झगा नाही, पट्टी नाही. त्यांची उघडी बोटं शिंगराच्या नाकपुड्यांपाशी होती, आणि भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक "हो"बरोबर एक उंच टोक उठत होतं.

तिनं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. तोपर्यंत डॉक्टरही धावत आल्या. त्यांनी मागच्या दिवसांच्या लहरी उलगडून पाहिल्या.

"हे आज पहिल्यांदा नाही, काका. तीन दुपारी झालंय. हेम दूध काढायला गेली की."

फतेसिंगांनी नाकारलं नाही. "मला ओळखतंय का ते?" त्यांनी विचारलं.

"शेवंतीच्या ठोक्यांपेक्षा तुमच्या आवाजाला जास्त साद देतंय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला पाहूनच हेमकुंवरचा संताप उसळला. "आबा, तुम्हाला काही कळतं का? बुधाला बघितलंत ना?"

"बघितलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं त्यानं. कितीक वर्षांत कुणी ठेवलं नव्हतं." ते डॉक्टरांकडे वळले. "मालक मी आहे. मी म्हणतो, उठवा त्याला माझ्या आवाजावर. मी सांभाळीन."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मालकानं सांगितलं तरी मी लळा लावणार नाही. हवं तर शिंगरू इथून घेऊन जा. तसं करणारे आहेत. पण तुमची परवानगी नसेल तर मी ते घोडीच्या हवालीही करू शकत नाही. तुम्ही दोघं ठरवा."

दोघं फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. डबा मधे तसाच बंद होता.

"मला बघून आता कोण धावत येतं, हेमू?" फतेसिंग म्हणाले.

"मी येते ना."

"तू चालत येतेस. हातात औषधाची बाटली घेऊन." त्यांनी काठीच्या टोकानं माती उकरली. "मी वाईट करत नाहीये. जीव लावतोय. त्यात काय पाप आहे?"

हेमकुंवरनं मधला डबा बाजूला सरकवला. आपण ह्यांना दुखावणार आहोत हे तिला कळत होतं, आणि तरी बोलायलाच हवं होतं.

"आबा, घोडा पंचवीस वर्षं जगतो. तुम्ही आणखी किती जगाल?"

त्यांनी मान वर केली.

"तुमच्यामागं ते कुणाची वाट बघत उभं राहील? घोड्यांत त्याला जागा नसेल आणि माणसं त्याला घाबरतील. मी त्याला काय सांगू, तुझी आई कुठं गेली म्हणून? तुम्ही आयुष्यभर घोड्यांना माणसाचं ऐकायला शिकवलंत, पण एकाला तरी घोडा असल्याचं विसरायला लावलंत का? शेवंती उभी आहे तिथं, दूध भरलेलं घेऊन. तिचं पोर तुम्ही घेताय."

फतेसिंग उठले. काठी टेकत रस्त्यापर्यंत गेले आणि येणाऱ्या रिक्षात बसून निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांच्या फोनवर त्यांचा निरोप आला. माझी परवानगी आहे, हेमला हवं तसं करा. हेमकुंवरसाठी वेगळा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवसापासून डबा आला नाही.

तिनं त्यांना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मग तिनं फोन पिशवीत टाकला आणि दूध काढायला गेली. त्या दिवसांत तिला भूक लागायची नाही, पण ती जेवायची. हात थरथरायला नकोत म्हणून.

जाग आणायच्या सकाळी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं.

"शिंगराचा मेंदू तयार आहे. अडचण शेवंतीची आहे. दहा दिवसांत तिनं आपलं पोर हलताना पाहिलेलं नाही. दूध आहे, पण आईपण विझत आलंय. दोघांनाही एकाच वेळी पुन्हा जन्मातून न्यावं लागेल. इकडे पिशवीत पाणी भरून मी शिंगराला आवळणार. तिकडे शेवंतीच्या गर्भाशयाचं तोंड माझी सहकारी हातानं ताणणार आणि कळांचं औषध देणार. घोडीच्या शरीराला वाटेल की आत्ताच व्याले. तो वेळ फार थोडा असतो. शेवंतीला तुझ्याशिवाय कुणी धरू शकणार नाही. पण तू बोलायचं नाहीस. शिंगराकडे बघायचंही नाहीस."

"आणि तिनं घेतलं नाही तर?"

"तर बाटलीनं पाजावं लागेल. ते जगेल."

पण कुणाचं होऊन जगेल हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. हेमकुंवरला सांगायची गरज नव्हती.

मोठ्या खोलीत गवत अंथरलं होतं. हेमकुंवरनं शेवंतीची म्होरकी धरली आणि कपाळ तिच्या गालफडाला टेकवलं. शेवंती दोनदा उसळली, लाथ झाडली, घामानं निथळली. हेमकुंवरचा पाय तिच्या खुराखाली आला. तिनं दात आवळले आणि आवाज गिळला. पलीकडे पाणी चढत गेलं, पिशवी शिंगराभोवती आवळत गेली. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी ती उघडली आणि सगळे झगे घातलेले लोक भिंतीपाशी सरकले.

शिंगरू उठलं. पडलं. पुन्हा उठलं. त्याचे कान हलत होते, डोळ्यांत नजर होती. ते भिंतीकडे गेलं नाही. ते मधोमध उभं राहून हुंगू लागलं.

शेवंती थरथरत उभी होती. तिचे कान मागे पडलेले होते. शिंगरानं एक पाऊल टाकलं तशी ती फुरफुरली आणि मागचा पाय उचलला. शिंगरू थबकलं.

डॉक्टरांच्या हातात बाटली होती. त्यांनी हेमकुंवरकडे पाहिलं. हेमकुंवरनं मान हलवली. नाही.

तेवढ्यात अर्ध्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

शिंगराचे दोन्ही कान एकदम तिकडे वळले. दारात फतेसिंग उभे होते. त्यांना घरी राहवलं नव्हतं. आवाज त्यांनी मुद्दाम केला नव्हता, तो नकळत निघाला होता. पण शिंगरानं तो ओळखला. ते हेलपाटत, पायात पाय अडकवत त्यांच्याकडे निघालं. धावतच निघालं म्हणा. दारापाशी पोहोचून त्यानं मान वर केली आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक ओठांत धरून चोखू लागलं.

हेमकुंवरला ओरडावंसं वाटलं, आबा, जा! पण तोंड उघडलं असतं तर तिचा आवाजही त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला असता. म्होरकी सोडून धावली असती तर शेवंती गेली असती. ती फक्त वडिलांकडे बघत राहिली.

फतेसिंगांचा हात दारावरून खाली आला. शिंगराच्या कपाळापासून तो वीतभर अंतरावर थांबला. बोटं पसरलेली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, तिच्यामागच्या भिजलेल्या, घाबरलेल्या घोडीकडे पाहिलं.

मग त्यांनी सदरा शिंगराच्या तोंडातून ओढून घेतला. परक्या शिंगराला घोडी जशी पाठ दाखवते, तशी पाठ केली, दाराची वरची फळी ओढली आणि काठीचा आवाज दूर दूर जात नाहीसा झाला.

शिंगरू बंद दारासमोर उभं राहिलं. त्यानं फळीला नाक लावलं. मग ते खिंकाळलं. बारीक, फाटलेल्या आवाजात, पण खिंकाळलंच. जन्मल्यापासून त्याच्या तोंडून घोड्याचा आवाज आज पहिल्यांदाच निघाला होता.

हेमकुंवरच्या हातातली म्होरकी ताठ झाली. शेवंतीचे कान उभे राहिले होते. शिंगरू पुन्हा खिंकाळलं, आणि शेवंतीच्या पोटातून, फार खालून, एक हुंकार आला. हेमकुंवरनं पकड सोडली.

शेवंती पुढे गेली. तिनं शिंगराला शेपटीपासून मानेपर्यंत हुंगलं, मग चाटायला लागली, इतक्या जोरानं की ते दोनदा बसलं. तिसऱ्यांदा उठल्यावर त्याला कास सापडली. खोलीत दूध ओढल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या.

हेमकुंवर लंगडत बाहेर आली. फतेसिंग कडुनिंबाखाली बसले होते. त्यांच्या सदऱ्याचं टोक अजून ओलं होतं.

"प्यालं?" त्यांनी विचारलं.

"प्यालं."

"तिचं?"

"तिचंच."

त्यांनी मान डोलावली. मग तिच्या पायाकडे लक्ष गेलं तसे म्हणाले, "बस. बूट काढ. बघू दे मला."

पुढचे काही महिने दोघांनी शिंगराला दुरूनच सांभाळलं. गवत टाकायचं ते कुंपणावरून. बोलायचं ते पागेच्या अलीकडे. फतेसिंगांनी तर त्या बाजूला फिरकणंच सोडलं होतं. हेमकुंवरनं कित्येकदा म्हटलं की आता चालेल, आता ते पक्कं झालंय. पण ते ऐकायचे नाहीत.

माघातल्या एका सकाळी तिनं त्यांना जबरदस्तीनं कुंपणापाशी आणलं. नदीकडच्या उतारावर शेवंती बाकीच्या घोड्यांबरोबर चरत होती. शिंगरू एका म्हाताऱ्या घोडीच्या फार जवळ गेलं. तिनं कान पाडले. ते लगेच बाजूला झालं.

"बघितलंत?" हेमकुंवर कुजबुजली.

शिंगरानं मान वर केली. वाऱ्यावर माणसांचा वास आला असावा. कुंपणापाशी दोन आकृती दिसल्या तसं ते ताठ झालं, फुरफुरलं आणि शेवंतीच्या पलीकडे जाऊन तिच्या पोटाखालून त्यांच्याकडे बघू लागलं.

फतेसिंग हसले. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं. त्यांनी काठी वर उचलली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या बाजूला तोंड करून पुऱ्या आवाजात ओरडले, "पळ! पळ लेका!"

शिंगरू दचकलं, शेपूट उभारली आणि उतारावरून जे सुटलं ते थेट नदीपर्यंत.